आईचा व्हिडिओ

ओसाकात पोस्टडॉक म्हणून आलो, तेव्हा पहिलं वर्ष मी जवळजवळ कुणाशीच बोललो नाही. लॅबमध्ये मोजकं इंग्रजी, दुकानात मोडकंतोडकं जपानी. मराठी कानावर पडायचं ते फोनमधूनच. एकदा एका भोंदूबाबाचं पितळ उघडं पाडणारा व्हिडिओ पाहिला. चांगला होता. मग फोन तसलेच दाखवत गेला. आधी बाबा, मग कर्मकांडं, मग देवळाच्या रांगेतली साधी माणसं. बाबा संपून माणसं कधी सुरू झाली, माझ्या लक्षातही आलं नाही. त्यातूनच एका ग्रुपमध्ये शिरलो. तिथे रोज कुणाच्या तरी श्रद्धेची टर उडवली जायची. मला तिथे मित्र मिळाले, हेही खरं.

त्याच सुमारास आई तीन महिन्यांसाठी आली. तिने लग्नातली छोटी अन्नपूर्णा सोबत आणली होती. खिडकीत रुमाल पसरून त्याच्यावर ठेवली. रोज एक फूल आणि चिमूटभर साखर.

"त्या पितळेला भूक लागते का?" मी विचारलं.

"नाही लागत. मला ठेवावंसं वाटतं."

एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. मी वीस मिनिटं बोललो. ग्रुपमधले सगळे मुद्दे क्रमाने. ती भांडी विसळत ऐकत राहिली.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जिझोची दगडी मूर्ती होती. गळ्यात लाल लाळेरं बांधलेला, लहान मुलांना सांभाळणारा देव. शेजारच्या जपानी आजी रोज सकाळी तो पुसायच्या. एका रविवारी खाली उतरलो, तर आई त्यांच्याबरोबर पाणी घालत होती. मग दोघींनी हात जोडले. मी दुरून व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. 'तीस वर्षं विज्ञान शिकवलंय बाईंनी. आता परदेशातला दगडही सुटत नाही.' भराभर हसण्याचे इमोजी आले. कुणी तिच्या साडीवर बोललं, कुणी वयावर. मीही खाली हसलो.

चार दिवसांनी तो व्हिडिओ खालच्या शेऱ्यांसकट फिरत फिरत माझ्या मावसबहिणीकडे पोचला आणि तिने आईला पाठवला. मी लॅबमधून आलो, तेव्हा आई चष्मा लावून टेबलाशी बसली होती.

"हे तू काढलंस?"

"हो."

"आणि खाली हसलायस, तेही तूच?"

मी पाठीवरची सॅक खाली ठेवली.

"त्या आजींचा मुलगा चार वर्षांचा असताना गेला," ती म्हणाली. "फोटो दाखवला त्यांनी मला. भाषा कळत नाही, पण फोटो कळतो ना. आता त्यांचाही चेहरा आहे यात."

मी ग्रुपवरून तो व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो माझ्या हातात राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णा खिडकीत नव्हती. आईने ती बॅगेत ठेवून दिली होती. उरलेले तीन आठवडे तिने पूजा केली नाही, खालीही उतरली नाही. जिझोपाशी आजींनी मला थांबवून "ओकासान?" म्हणून विचारलं. आईला सर्दी झालीय, असं सांगून मी वाकलो आणि स्टेशनकडे चालू लागलो.

आईला विमानतळावर सोडून परत येताना गाडीत आठवलं. मी सहावीत असताना ग्रहणाच्या दिवशी सगळे दारं लावून घरात बसले होते, आणि आईने वर्गातल्या पोरांना अंगणात बोलावून चाळणीतून पडलेल्या सूर्याच्या शेकडो कोरी दाखवल्या होत्या. नंतर घरात आल्यावर तिने देवापुढे दिवाही लावला होता. या बाईला मी ओळखत होतो. तरी ते तीन महिने मी फोनमधल्या कुणाशी तरी भांडत होतो, आणि समोर ती बसली होती.

ग्रुप मी सोडला. फोन मात्र अजूनही तसलंच काही समोर आणून ठेवतो.

तिची माफी मागितली. "सोड रे, झालं ते," म्हणाली. पण त्यानंतर तिने माझ्याशी कधी वाद घातला नाही. काहीही बोललो तरी "तू म्हणतोस तसं असेल." व्हिडिओ कॉलवर बोलताना मागचं देवघर दिसू लागलं की ती हळूच जागा बदलते.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, "देवाला नमस्कार केलास का गं?"



"डॉक्टर चांगले आहेत," म्हणाली. "तू जेवलास का?"