भाऊजींची लाल फुलं

दत्ताराम भाऊजी गेल्याचं मला आमच्या बिल्डिंगच्या हारिसनं, म्हणजे वॉचमननं, सांगितलं. मी ओट्यापाशी पापलेटं साफ करत होते. "भाभी, दत्ताभाई छत पे गिर गए..." एवढंच ऐकलं आणि हात न धुताच वर धावले. त्याला आता महिना होऊन गेला. परवा मंडळाच्या शोकसभेत कुणीतरी त्यांना 'निसर्गप्रेमी' म्हणालं, तेव्हा मला तिथंच हसू आलं. निसर्गप्रेमी म्हणे. इथं आखातात, शुवैखच्या गॅरेजात जन्म काढलेला माणूस, बायको गेल्यावर घरातली तुळससुद्धा त्यांनी वाळवली. आमच्या यांचे जुने मित्र, शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायचे, मला सगळं ठाऊक आहे. त्यांना झाडं नको होती, लेक हवी होती.

लेक, शर्वरी, कॅनडात. आईच्या कार्यानंतर इकडे फिरकली नव्हती. दिवाळीत फोनवर ये ये म्हणून भाऊजी मागे लागले, तर म्हणाली, "बाबा, माझ्या बागेत हमिंगबर्ड येतात. तुमच्या गच्चीवर आले की स्प्रिंगमध्ये येते, प्रॉमिस." झालं. थंडी पडताच गच्चीवर कुंड्या लागल्या. त्या पाखराला लाल रंग आवडतो असं कुठंतरी ऐकलं, म्हणून जास्वंद लाल, साल्विया लाल, टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटल्याही लाल. मुंग्यांची चंगळ. आणि खत कसलं, तर गुहागरची सवय, माशाचं धुवण. रोज बालदी घेऊन माझ्या दारात उभे. "वहिनी, आज पापलेट की सुरमई?" आठवड्याभरात आमच्या बनेद अल-गार वस्तीतली झाडून सगळी मांजरं आमच्या गच्चीवर. अशा ठिकाणी कुठलं पाखरू उतरणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"भाऊजी, पाखरांना बोलावताय की मांजरांना जेवू घालताय?"

"असू देत हो. शर्वरीला मांजरंही आवडतात."

माझं डोकंच फिरायचं. त्या बागेत पाणी घालतानाच ते गेले. देह गावी पाठवला. तिथं अग्नी दिला, तो लेकीनं मोबाइलवरच पाहिला, रजा मिळत नाही म्हणे.

मागच्या आठवड्यात कुंड्या उतरवायला वर गेले. धुवण बंद झालं तशी मांजरं पांगली होती. आणि जास्वंदीवर अंगठ्याएवढं काळंनिळं पाखरू, वाकडी चोच फुलात खुपसून... खरंच आलं होतं. मी वेड्यासारखी रडले. व्हिडिओ काढून शर्वरीला पाठवला आणि लिहिलं, "आले गं. आता ये."

लगेच उत्तर आलं. "काकी, हा सनबर्ड आहे. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठंच नसतात."

मी तिथूनच फोन लावला. "हे तुला दिवाळीत ठाऊक होतं?"

ती हळूच म्हणाली, "काकी, आय थॉट... मला वाटलं, बाबांना कळलं असेल."