तर्रीचा चौथा माणूस

नागपुरात सीताबर्डीवर मेट्रोच्या खांबाआड पुष्करचं चष्म्याचं दुकान आहे. आलेल्या गिऱ्हाइकाला डोळ्यांचा नंबर सांगायच्या आधी तो आपण 'तर्री'त होतो हे सांगतो. गिऱ्हाईक चमकतं. "तर्री? ते मारबतवाले? तुम्ही गात होते का?" पुष्कर म्हणतो, "नाही, बेस गिटार." गिऱ्हाईक "अच्छा" म्हणून पुन्हा फ्रेमा बघू लागतं. याचा राग पुष्कर सगळ्या शहरावर काढतो.

पोह्यांवरच्या तिखट रश्श्याचं नाव चार धरमपेठी पोरांनी आपल्या बँडला लावलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. पुढे मुलाखतींत अंकित त्याचा भलताच खोल अर्थ सांगू लागला, ते सोडा. अंकित गायचा, पियूषकडे गिटार, प्रीतमकडे ड्रम, आणि उरलं ते पुष्करच्या गळ्यात पडलं. तोवर या गावातली रॉकवाली पोरं काळे टी-शर्ट घालून, भर मे महिन्यात, इंग्रजीत कोकलायची. यांनी वऱ्हाडीत कोकलायला सुरुवात केली. क्रांती काय ती एवढीच, पण ती लागू पडली.

त्यातही मारबतीचं गाणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे पुतळे मिरवत नेतात, लोक त्यांच्यापुढे रोगराई, महागाई, जे नको असेल ते ओरडून "घेऊन जा गे मारबत" म्हणतात आणि मग पुतळे जाळून टाकतात. तर्रीने त्याचंच गाणं केलं. गाणं मध्येच थांबायचं, चौघे एकेक करून माइकवर यायचे आणि नको ते ओरडायचे. बॅकलॉग, लोडशेडिंग, मेसची डाळ. मैदानभर पोरं "घेऊन जा" म्हणून ओरडायची. बघता बघता विदर्भातल्या प्रत्येक कॉलेजात एकेक तर्री निघाली. मुंबईची पोरंसुद्धा वऱ्हाडी गाऊ लागली, ते ऐकवत नसे. आज कोणीही आपल्या गावच्या बोलीत गिटार बडवत असेल, तर तो तर्रीच्या नावाने कान पकडतो.

चौघांच्याही डोक्यात हवा गेली. अंकित घरातही गॉगल लावून जेवायला बसायचा. पुष्करही काही कमी नव्हता, ऑटोवाल्याने ओळखलं नाही की उतरून दुसरी ऑटो करायचा.

जरीपटका भागातल्या एका शोमध्ये अंकितची ओरडायची पाळी आली. तो म्हणाला, "पुष्कऱ्याचा बेस घेऊन जा गे मारबत." मैदान खिदळलं. मारबतीपुढे पुढाऱ्याचं नाव खुशाल घ्यावं, घरच्या माणसाचं घेऊ नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. अंकितला मुंबईचं वारं लागलं होतं, त्याला तो विनोद वाटला. पुष्करने गिटार खाली ठेवली आणि पायऱ्या उतरला. त्याला वाटलं, आता गाणं थांबेल. गाणं थांबलं नाही. बेसशिवाय शेवटपर्यंत झालं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे उरलेले तिघे गाणं कोणी लिहिलं यावरून भांडले आणि बँड संपला. पुष्कर मात्र छाती काढून सांगतो, "माझ्यामुळे फुटला."

त्याची मुलगी वेदिका आता आठवीत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरांनी तर्रीचं गाणं वाजवलं, ही म्हणाली, यात माझे बाबा होते. मैत्रिणींनी जुने व्हिडिओ उघडले. सगळे कॅमेरे अंकितवर. घरी येऊन तिने विचारलं, "बाबा, तू खरंच होता का?" तेव्हापासून पुष्करच्या जिवाला एकच घोर लागला. पोरीने आपल्याला एकदा स्टेजवर वाजवताना बघावं.

आणि अंकित दुकानात आला. पोट सुटलेलं, केस रंगवलेले.

"काय गा पुष्कऱ्या. शो करून राहिलो आपण, मारबतीच्या हप्त्यात. चौघंही पायजेत, जाहिरातवाल्यायची अट हाय."

"प्रॅक्टिस कधी ठेवतो?"

"तुले काहून पायजे प्रॅक्टिस? बेस कंप्युटरवर वाजते आता. तू फक्त गिटार घेऊन उभा राह्य. वायर लावल्यावानी दिसली म्हणजे झालं."

इथे जराही पाणी असलेल्या माणसाने त्याला काउंटरवरून ओढून बाहेर काढलं असतं. पुष्करने दोन कट चहा सांगितले.

"नाही म्हणता येत नव्हतं का तुम्हाले?" बायको नीलाने घरी विचारलं.

"वेदिकाले पाहायचं हाय," तो म्हणाला, आणि माळ्यावरून गिटार काढून रोज तासभर बोटं घासू लागला. न वाजणाऱ्या गिटारची प्रॅक्टिस करणारा नागपुरात दुसरा कोणी झाला नसेल.

शोला तुफान गर्दी. पुष्कर डावीकडे उभा राहिला, वायरचं टोक स्पीकरच्या मागे खोचलेलं. बोटं एकदाही चुकली नाहीत, त्याचा कोणाला उपयोग नव्हता. यावेळी कॅमेरा दोनदा त्याच्यावर आला, आणि तो चक्क डोळे मिटून डोलला.

घरी जाताना वेदिका त्याचा दंड सोडेना.

"बाबा, तू किती मस्त वाजवून राहिला होता. तो घुमणारा आवाज तुझाच होता ना? पोटात जाणवत होता मला. तू नसता तर गाणं पोकळ वाटलं असतं."

नीला नवऱ्याकडे बघत राहिली.

"बेसचं कामच ते असते बेटा," पुष्कर म्हणाला, आणि कोणता सूर कुठे दाबून धरला, ते तिला घरापर्यंत समजावून सांगत राहिला.