झेंडा अर्ध्यावर, नाव पोटात

ग्लेंडा होल्डस्वर्थला आयुष्यात कुणी विचारून काही दिलं नाही. झेंड्याचं कामही असंच गळ्यात पडलं. इंग्लंडातल्या कॅल्डरशॉ गावात बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचा, क्लब होता; त्याचा झेंडा तिचा नवरा रॉय सांभाळायचा. तो गेला तेव्हा त्याच्यासाठी झेंडा अर्ध्यावर आणायला कुणीतरी हवंच होतं, आणि बाकीची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग हीच पुढे झाली. स्वतःच्या नवऱ्यासाठी स्वतः दोरी ओढली, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि घरी जाऊन कपडे धुवायला टाकले. त्या दिवसापासून दोरी तिच्या हातात आली ती आलीच.

बाई तशी खमकी. उभं आयुष्य बिस्किटांच्या कारखान्यात काढलेलं, पाय सुजलेले, जीभ मात्र कधी सुजली नाही. कुणी हिरवळीवर टाचेचे बूट घालून आलं, तर ग्लेंडा त्याला असं काही बोलायची की माणूस पुढच्या खेपेला अनवाणी यायचा. पण एक गोष्ट खरी. रागावणं निराळं आणि खरं बोलणं निराळं, आणि तिच्या गावात पहिलं सगळ्यांना यायचं, दुसऱ्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहायचं नाही. चारचौघांत अवघड विषय निघाला की सगळे हवापाण्याकडे वळायचे. तीही त्यांतलीच.

क्लबची रीत जुनी होती. सभासद गेला की युनियन जॅक आधी थेट टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर तिथे थांबू द्यायचा, आणि मग अर्ध्यावर आणायचा. माती होईपर्यंत तो तसाच राहायचा. आणि फाटकाशेजारच्या काळ्या पाटीवर खडूने नाव लिहायचं, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यालाही कळावं की कोण गेलं. माणूस भांडखोर असो, पिऊन पडणारा असो, झेंडा सगळ्यांना सारखाच उतरायचा. ग्लेंडाला या रितीचा भारी अभिमान होता.

गुलफराज मिर्झाला क्लबात तिनेच आणलं होतं. काश्मीरातल्या मिरपूरहून पोरसवदा वयात इथल्या गिरणीत आलेला माणूस. गिरणी बंद पडल्यावर बस चालवायला लागला, आणि ग्लेंडा वर्षानुवर्षं सकाळी त्याच्याच बसने कारखान्यात गेली. ती धावत येताना दिसली की तो बस थांबवून ठेवायचा, आणि ती चढली की म्हणायचा, "या, राणीसाहेब." निवृत्त झाल्यावर तो घरी बसून बायकोचं डोकं खातोय असं कळलं, तेव्हा हिने त्याला जवळजवळ कॉलर धरूनच हिरवळीवर आणला. पहिल्या दिवशी गोळा हातात घेऊन त्याने सोडला आणि तो वळत वळत भलतीकडेच गेला. गोळ्याची एक बाजू मुद्दामच जड केलेली असते, सरळ तो जातच नाही, हे तिने त्याला समजावलं. तर हा म्हणतो कसा, "मग हा तुम्हा इंग्रजांच्याच जातीचा. निघतो एकीकडे, पोचतो दुसरीकडे." सगळे खो खो हसले होते. पुढे तो इतका छान खेळायला लागला की हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

या उन्हाळ्यात मात्र गावाचं काहीतरी बिनसलं. गावाबाहेरच्या हॉटेलात सरकारने परदेशातून आसऱ्याला आलेली माणसं आणून ठेवली, त्यावरून मोर्चे निघाले, आणि बघता बघता प्रत्येक दिव्याच्या खांबावर झेंडे चढले. काही युनियन जॅक, बरेचसे इंग्लंडचे, पांढऱ्यावर लाल क्रूसाचे. चौकातल्या गोल कट्ट्यावरसुद्धा रात्रीतून कुणीतरी लाल क्रूस रंगवून ठेवला. नगरपालिकेने काही झेंडे काढले, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लागले. लावणाऱ्यांचा म्होरक्या कार्ल ऑग्डन, छपरं दुरुस्त करणारा, लांब शिड्या त्याच्याकडेच. ग्लेंडाने त्याला शेंबडा असल्यापासून पाहिलं होतं, कारण त्याचा आजोबा याच क्लबात खेळायचा. कार्ल वाईट होता असं तिला कधी म्हणता आलं नाही, आणि तीच तर सगळी पंचाईत होती.

ती एकदा गुलफराजला म्हणाली, या चिंध्यांना घाबरू नकोस. तो म्हणाला, "झेंड्याला कोण घाबरतंय, ग्लेंडा? इतकी वर्षं त्याच्याच खाली खेळतोय की मी. पण ते शिडीवरून उतरतात ना, आणि मग वळून माझ्याकडे बघतात." एवढं बोलून तो चहा ढवळत बसला. त्यानंतर तो क्लबात चालत यायचा बंद झाला. मुलगी गाडीने सोडायची.

आणि एका गुरुवारी पहाटे तो झोपेतच गेला.

मुलीचा, सोबियाचा, फोन ग्लेंडाला सकाळीच आला. सोबिया रडत नव्हती. तिने सांगितलं की दफन उद्या, शुक्रवारच्या नमाजानंतर. मग म्हणाली, "आंटी, आमच्या घरात बायका कब्रस्तानात जात नाहीत. पुरुष त्यांना घेऊन जातील, तेव्हा मी घरी बसून काय करू? मी तुमच्याकडे येते. झेंड्याखाली उभी राहीन. गाडीही क्लबावरूनच न्यायला सांगितलीय. अब्बूंना तुमच्या त्या रितीचं फार कौतुक होतं. ते म्हणायचे, माझंही नाव एक दिवस पाटीवर येणार, आणि ग्लेंडाचं अक्षर किती घाण आहे ते सगळा गाव बघणार."

ग्लेंडा हसली आणि मगच रडली. झेंडा उतरेल, नाव लागेल, तू ये, असा शब्द तिने दिला.

फोन ठेवते न ठेवते तोच नेव्हिल दारात हजर. नेव्हिल क्लबचा चिटणीस. सज्जन माणूस, पण पाठीचा कणा जरा पातळच. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने सांगितलं, की कार्लच्या मंडळींना त्याने शब्द दिलाय, क्लबचा झेंडा या दिवसांत खाली येणार नाही म्हणून. आता तो अर्ध्यावर दिसला तर आग लागेल. आणि कुणासाठी उतरवला हे कळलं तर... नेव्हिलने वाक्य पुरं केलं नाही. तसली वाक्यं तो कधीच पुरी करत नसे.

ग्लेंडाने त्याला उभा आडवा फाडला. रॉयसाठी उतरला, तुझ्या बापासाठी उतरला, मग गुलफराजसाठी का नाही, असं विचारलं. नेव्हिल सगळं ऐकून घेऊन खाली मान घालून म्हणाला, "उतरव. मी कुठे नाही म्हणतोय? फक्त पाटीचं तेवढं राहू दे. सभासद गेलाय, एवढं पुरे आहे. नावावाचून काही अडलंय का? सोबियालाच त्रास होईल, गर्दीत कुणी काही बोललं तर."

सोबियालाच त्रास होईल. ग्लेंडाला हे बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची तिला शिसारी आली. पण शिसारी येऊनही तिने मान हलवली. शहाणपणाच्या पांघरुणाखाली भ्यायला फार सोपं जातं.

शुक्रवारी सकाळी तिने झेंडा टोकापर्यंत चढवला, क्षणभर थांबली, आणि मग हळूहळू अर्ध्यावर आणला. पाटी कोरी पुसून ठेवली. नेमकं झेंडा खाली येत असतानाच रस्त्यावरून कुणीतरी फोटो काढला, आणि तासाभरात तो गावभर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, की क्लबवालेसुद्धा आता झेंडा उतरवायला लागले.

दुपारी फाटकाशी पंधरा-वीस माणसं जमली. काहींनी झेंडे खांद्यावर पांघरलेले, एकाच्या हातात बिअरचा डबा, दोघी बायका मोबाइल उंच धरून उभ्या. कुणीतरी फाटकाला लाथ घातली आणि जुनं लोखंड घंटेसारखं वाजलं. नेव्हिल क्लबच्या खोलीत शिरला आणि आतून कडी घातल्याचा आवाज ग्लेंडाने स्पष्ट ऐकला. गाढव कुठला, असं मनाशी म्हणत ती एकटीच खांबाशी उभी राहिली. तिने दोरी घट्ट धरली.

"वर चढव तो!" मागून कुणीतरी ओरडलं.

कार्ल पुढे आला. तो ओरडला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. दोन्ही हात फाटकावर ठेवून तो म्हणाला, "ग्लेंडा आंटी, हे काय आहे? नेव्हिलने आम्हाला शब्द दिला होता. कुणी उतरवायला लावला हा? नगरपालिकेने?"

"कुणी नाही. तुला रीत माहीत आहे, कार्ल," ती म्हणाली. "सभासद गेला."

कार्लचा चेहरा एकदम बदलला. त्याचा आजोबा गेला तेव्हा हाच पोरगा याच खांबाखाली हुंदके देत उभा होता, आणि तिनेच त्याचं नाक पुसलं होतं. ते दोघांनाही आठवलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मागे वळून म्हणाला, "गप बसा रे सगळे. माणूस गेलाय. टोप्या काढा."

आणि त्यांनी काढल्या, अहो! तो बिअरचा डबाही खाली गेला. बायकांनी मोबाइल पर्समध्ये टाकले. पंधरा-वीस माणसं खाली मान घालून उभी राहिली, आणि त्यांच्या डोक्यावर झेंडा अर्ध्यावर फडफडत राहिला. राणीच्या मयतीलासुद्धा ही माणसं इतकी गप उभी राहिली नसतील.

मग एक म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "कोण गेलं, बाई?"

नाव तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. एवढी शांतता, एवढी उघड्या डोक्याची माणसं, आणि सगळी गुलफराजसाठी. हे मोडलं तर? गाडी आता येईलच. तेवढी जाऊ दे, तेवढी मानाने जाऊ दे त्याला, मग सांगू. 

"जुना सभासद होता," ती म्हणाली. "चांगला माणूस होता."

"देव त्याचं भलं करो," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात सोबिया आली. काळा कोट, डोक्यावर पांढरा दुपट्टा, डोळे सुजलेले. गर्दी बघून तिचा पाय क्षणभर अडला, पण ती आली. फाटकापर्यंत पोचली तोच कार्लने हात आडवा केला. दांडगाईने नाही. हळूच, अगदी अदबीने.

"जरा थांबा, बाई," तो म्हणाला. "इथे एक माणूस गेलाय. त्याचा मान राखायला उभे आहोत. नंतर या."

 सोबियाने कोऱ्या पाटीकडे पाहिलं. टोप्या हातात घेतलेल्या माणसांकडे पाहिलं. मग फाटकापलीकडून ग्लेंडाकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. ग्लेंडाला ते कळलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय, हे तिला या वयात पहिल्यांदा समजलं.

"कार्ल," ती म्हणाली.  "कार्ल, तिला सोड. तिचेच वडील गेलेत. गुलफराज मिर्झा. बस चालवायचा. तुला शाळेत त्यानेच नेऊन सोडलंय रोज."

 मग मागच्या रांगेतल्या एकाने टोपी डोक्यावर ठेवली. दुसऱ्याने ठेवली. कुणीतरी नाकाने हसल्यासारखा आवाज केला. बिअरवाल्याने डबा उचलला आणि म्हणाला, "फसवलं की आपल्याला म्हातारीने." चार-पाच जण शिव्या घालत निघून गेले. तो म्हातारा मात्र टोपी हातात घेऊन तसाच उभा होता, आणि तिच्याकडे बघत होता. ठेवावी की राहू द्यावी, हे त्याला कळत नव्हतं.

कार्लने हात काढून घेतला. त्याचे कान लाल झाले होते. "आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" एवढंच तो ग्लेंडाला म्हणाला.

सोबिया आत आली आणि झेंड्याखाली उभी राहिली. रस्त्यावरून गाडी हळूहळू गेली. काचेतून तिचे भाऊ दिसले, हिरव्या चादरीचा कोपरा दिसला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती तिकडेच बघत होती. ग्लेंडाने तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मागे घेतला.

"मला वाटलं, तुला त्रास होऊ नये," ती म्हणाली.

"माहितीय," सोबिया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते ग्लेंडाला जास्त लागलं. "आंटी, ती सगळी माणसं टोप्या काढून उभी होती. तुम्ही पहिल्याच झटक्याला अब्बूंचं नाव घेतलं असतंत, तर उभी राहिली असती का?"

"माहीत नाही गं."

"मलाही माहीत नाही," सोबिया म्हणाली. "थोडी तरी राहिली असती, असं मला आयुष्यभर वाटत राहील. पण आता ते कधी कळायचं नाही."