भरलेल्या बाटल्यांचा कारखाना

पिपाणीला ओळखण्यात अख्खं घर सपशेल चुकलं, आणि आज तेच घर त्यावर पोट धरून हसतं, म्हणून सांगायला हरकत नाही. आवाज हा एवढासा, पिपाणीसारखा; खरं नाव बाजूलाच राहिलं, हाक तीच पडली. रांगेत कोणी पुढे घुसलं तरी "असू दे" म्हणणारी पोरगी! तिनं विद्यापीठात मानवी हक्क हा विषय घेतला, तेव्हा मोठी मावशी म्हणाली, "अगं, तिथं घोषणा द्याव्या लागतात. तू दिलीस तर शेजारच्यांना वाटेल, कुकरची शिट्टी अडकलीय." बाबांनी तर टायपिंगचा क्लासही बघून ठेवला, परत आली की घालायला.

परत कुठली येतेय! तिथं घोषणा कमी आणि बघणंच फार. प्राध्यापक बाईंनी पहिल्याच महिन्यात वर्गाला दवाखान्याच्या बाकावर नेऊन बसवलं. "प्रश्न विचारायचे नाहीत. कोणाला 'बसा' म्हणतात आणि कोणाला नुसतंच उभं ठेवतात, एवढं बघा." बाकीचे जांभया देत होते. पिपाणीला मात्र वाटलं, अरेच्चा, हे तर आपल्याला येतं! गप्प बसून बघायची खोड लहानपणापासूनचीच.

डिग्री झाली आणि कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. कंपनीला माल शिवून देणाऱ्या कारखान्यांत माणसांना माणसासारखं वागवतात की नाही, ते तपासायचं. नोकरी अजून कच्चीच. साहेबांनी बजावलं होतं, "पहिला अहवाल पुराव्यानिशी हवा. 'मला असं वाटलं' चालणार नाही. नाहीतर आपलं जमायचं नाही."

पहिलाच कारखाना शर्टांचा. मॅनेजर गोड, म्हणजे मुंग्या लागतील इतका. "आमच्याकडे सगळं घरच्यासारखं हो, मॅडम!" शिलाईवरच्या बायकांना विचारावं, तर सगळ्यांचं एकच: "काही त्रास नाही." पुढची उत्तर द्यायची, तेव्हा मागची तेच तोंडातल्या तोंडात घोकत असायची.

पिपाणीनं विचारणं सोडलं आणि बघत राहिली. भर दुपार, पत्र्याचं छप्पर तापलेलं. प्रत्येक मशीनपाशी पाण्याची बाटली. आणि सगळ्याच्या सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

काजं करणाऱ्या काकूंपाशी ती वाकली. "काकू, पाणी नाही प्यायलात?"

मशीन न थांबवता काकू पुटपुटल्या, "प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, बाळा."

"मग जायचं."

"जायला तो लागतो." काकूंनी नजरेनंच दाखवलं: देखरेख करणाऱ्या मास्तरच्या टेबलाशी खिळ्याला एक लाल पट्टा लटकत होता. "गळ्यात घालून जायचं. एवढ्या जणींत एकच, वर मास्तरची मर्जी. माझं नाव नको हं घेऊस, उद्या मशीनवरून उठवतील."

"नाही घेणार, काकू."

शब्द दिला आणि पंचाईत झाली. भरलेल्या बाटल्यांना साहेब पुरावा म्हणणार नाहीत, आणि काकूंचं नाव तर काही झालं तरी लिहायचं नाही. ऑफिसात मॅनेजरला विचारलं, तर तो हसला. "तो पट्टा? जुना आहे हो, कोणी वापरत नाही."

मग कागद निघाले. मॅनेजरनं चहा मागवला. तिनं हजेरीपत्रकं मागितली, त्यानं पुन्हा चहा मागवला. ती ओव्हरटाइमवर आली, तेव्हा आणखी एकदा. पिपाणी एक घोट घेऊन कप बाजूला सारायची. हा बाबा मात्र घाबरला की पीत सुटायचा. मग खुर्चीत चुळबुळ सुरू झाली, पायावर पाय चढला, आणि शेवटी उठलाच. "आलोच हं!"

"पट्टा नाही घेतलात?" पिपाणीनं हळूच विचारलं.

"मी कशाला घेऊ? तो बायकांसाठी आहे! नाहीतर दिवसभर तिकडेच बसतील त्या!"

बोलला, आणि जागच्या जागी थिजला. दारात मास्तर उभा होता. त्यानं कपाळाला हात लावला.

"जा हो, जा," पिपाणी म्हणाली. "अडवत नाही कोणी. हक्क आहे तुमचा."

तो परत येईपर्यंत तिनं त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं, खाली सहीला जागा सोडून.

"मी घाईत बोललो, मॅडम."

"बरं. घाई कसली होती, तेही लिहू का?"

सही झाली. फोनवर ते वाक्य ऐकून साहेब आधी खो खो हसले, मग म्हणाले, "पट्टा निघेपर्यंत नवी ऑर्डर नाही, सांग त्यांना." मॅनेजरनं स्वतःच्या हातानं पट्टा खिळ्यावरून उतरवला. कोणीतरी बाटलीचं झाकण उघडलं. मग शेजारणीनंही.

मास्तरला घेऊन फाटकापर्यंत सोडायला आलेला मॅनेजर मात्र फुगलेलाच. "हे बरोबर नाही. तुम्ही मला मुद्दाम चहा पाजलात."

"मागवला कोणी?"

"एकदा मागवला. पाहुणचार म्हणून."

"तीनदा."

"फार तर दोनदा!"

"मास्तरांना विचारा की."

मास्तरनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "तीनदाच, साहेब. आणि शेवटी तुम्ही मॅडमचा पण प्यायलात."