रिकामी गाठ

हेलन टीचरच्या बालवाडीत एखादं मूल गप्प बसलं की तिचा चेहरा उतरतो. बाकीच्या शाळांत तोंडावर बोट ठेवायला शिकवतात, ही म्हणते, "बोला रे, काहीतरी बोला." मी कराडकडची, मुलाच्या फ्लॅटमुळे वसईजवळ गिरीजला आलेली. मला हा प्रकार काही झेपेना.

आमची नात उन्नती साडेतीन वर्षांची, पण तोंडातून शब्द नाही. कान तपासले, ठीक. आईबाप नोकरीला, मी येईपर्यंत सांभाळणारी बाई पुढ्यात मोबाईल ठेवून मोकळी. एका नर्सरीवाल्यांनी तर मुलाखतीत नापास केली. एवढंसं पोर आणि नापास! आग लागो त्या मुलाखतीला. शेवटी डॉक्टर म्हणाले, चार पोरांत घाला, आपोआप बोलेल.

म्हणून हेलन टीचरची पडवी. तिथे पाटी नाही, पुस्तक नाही. चिंचोके मोजायचे, पानं जुळवायची, आणि रोज दोरी धरून वाडीतून फेरी मारायची. याला का शाळा म्हणायची? दोरीला गाठी, प्रत्येक पोराची एक. शेवटची गाठ मात्र कोणी धरायची नाही. निघताना टीचर विचारते, "रिकाम्या गाठी किती?" पोरं ओरडतात, "एक!" "कोणाची?" "फ्लॉईडची!" उन्नती नुसती दोरीकडे बघत राहायची.

फ्लॉईड टीचरचा मुलगा. घरामागच्या बावखलात, म्हणजे वाडीला पाणी पुरवणाऱ्या तळ्यात, बुडाला. टीचर तेव्हा हाकेच्या अंतरावर केळीची पानं कापत होती. बालवाडी तिने त्यानंतर काढली. मला एकदाच म्हणाली, "आवाज झालाच नाही हो, आजी. मी अजून कान देऊन असते."

दुःख कळतं हो, पण गेलेल्या पोराचं नाव रोज लेकरांच्या तोंडी? मी पडले फटकळ. सरळ म्हटलं, "टीचर, ती गाठ कापा. नाहीतर मी शनिवारी नातीचं नाव काढते."

तिने गाठ मुठीत धरली. "ही नाही कापता येणार. पण उन्नतीला एवढ्यात नेऊ नका. ती बोलेपर्यंत तरी थांबा. गप्प पोर मला झोपू देत नाही."

शुक्रवारी मीही फेरीला निघाले, दोरीच्या मागून. टीचर नेहमीसारखी पोरांच्या आणि पाण्याच्या मधून चालत होती. बावखल ओलांडून वळणावर आलो, तर समोरून केळ्यांचा टेम्पो रिव्हर्स येतोय. टीचर हात पसरून आडवी उभी राहिली. मी ड्रायव्हरवर तोंड सोडलं, "अरे मेल्या, लेकरं दिसत नाहीत का?" त्याचं इंजिन, माझी बडबड, पोरांचा गलका. उन्नती माझा पदर ओढत होती. मी म्हटलं, "थांब गं बाई!"

तिने पुन्हा ओढला. आणि ओरडली, "दोन!"

मी ड्रायव्हरला सोडून वळले. नात बोलली! मी तिला उचलायला वाकले, तोवर टीचरचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती दोरीकडे बघत होती. रिकाम्या गाठी दोन. जोनाथन म्हणून एक पोर होतं, त्याची जागा मोकळी.

टीचर धावली. तशी धावणारी बाई मी पुन्हा बघितली नाही, देवाने दाखवूही नये. जोनाथन बावखलाच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभा होता, तरंगणाऱ्या सुपारीकडे हात पसरून. पुढच्या पावलाला खोल. तिने त्याला मागून असा ओढला की दोघंही चिखलात बसली. तेव्हा कुठे जोनाथन भोकाड पसरून रडला.

"रड, राजा," टीचर म्हणाली. "मोठ्यांदा रड."

किती वेळ ती त्याला कवटाळून त्याचं रडणं ऐकत होती. मग त्याला घेऊन परत आली, त्याची मूठ गाठीवर ठेवली आणि उन्नतीपुढे उकिडवी बसली. चिखलाने माखलेली.

"बाय, आता बघ. रिकाम्या किती?"

उन्नतीने दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"एक," ती म्हणाली. "फ्लॉईडची."

टीचरने मान हलवली. "हो बाय. एकच."

शनिवारी मी उन्नतीला घेऊन गेले. नाव काढलं नाही. निघताना पोरांबरोबर मीही ओरडले, "फ्लॉईडची!"