झावळ्यांच्या मांडवाखालचा चंद्र

डॉ. हन्ना वरसोलकर यांची माझी ओळख वॉशरूममुळे झाली. गौरवग्रंथात असं लिहावं का, हे मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, खरं असेल तर लिहा.

वॉटर्लूचं कॉलेज अर्धवट सोडून, सस्काटूनला मसुराच्या शेतावर एक सीझन काढून मी हॅमिल्टनला आले होते. (सस्काटूनच्या आभाळाबद्दल बोलायला लागले तर लेख तिथंच संपेल, म्हणून राहू दे.) तिथल्या वाचनालयात वॉशरूम शोधताना चुकीचं दार उघडलं. आत काही म्हातारी माणसं व्याख्यानाला बसली होती आणि एक बाई बंद पडलेल्या प्रोजेक्टरला चक्क मराठीत समजावत होत्या, "चाल की रे बाबा, किती अंत बघशील?"

"वायर सैल आहे," मी म्हणाले.

"मग नीट बसव," त्या म्हणाल्या. "आणि झालं की पुढच्या खुर्चीत येऊन ऐक."

मी ऐकत राहिले. जुन्या लॅटिन कवींची एक गंमत त्या सांगत होत्या. स्वतःचा एकही शब्द न लिहिता कविता करायची. थोर कवीच्या ओळी घ्यायच्या, मधोमध कापायच्या, एकीचं अर्धं दुसरीच्या अर्ध्याला शिवायचं. शब्द मात्र बदलायचा नाही. अशी युद्धकाव्याच्या तुकड्यांतून लग्नगीतं झाली. मी विचारलं, "ही चोरी नाही का?" बाई म्हणाल्या, "चोर माल लपवतो. इथं ऐकणाऱ्यानं माल ओळखला नाही, तर कविताच फसते. कापून टाकलेलं अर्धं त्याच्या कानात वाजलं पाहिजे."

बाईंनी विद्यापीठात आयुष्यभर लॅटिन शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांनी तीच रीत मराठीला लावली. कोकणातून इथं आलेल्या त्यांच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू समाजातल्या आजीबाईंकडून त्या लग्नाच्या, पाळण्याच्या ओळी गोळा करू लागल्या. एकेकीची एकेक ओळ घेऊन सगळ्यांची मिळून एक कविता करायची होती. मी अधूनमधून गायब व्हायचे आणि परत आले की त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचे. पुढं काय करणार, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. "जेवलीस का?" एवढंच विचारायच्या.

मग फ्लोराबाई रागावल्या. त्या या आजीबाईंत वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या आईनं त्यांच्या लग्नात रचलेली ओळ होती, 'झावळ्यांच्या मांडवाखाली माझी लेक बसे'. दुसरीकडून मिळालेली पाळण्याची ओळ होती, 'खाडीच्या भरतीवरती उतरला चंद्र'. बाईंनी शिवलं, 'झावळ्यांच्या मांडवाखाली उतरला चंद्र'. मला तर ते फार आवडलं होतं.

फ्लोराबाई फोनवर म्हणाल्या, "हन्ना, चंद्र बसवलास, ठीक. लेक कुठं टाकलीस?"

"ती ऐकणाऱ्याच्या मनात येते, फ्लोराबाई."

"कुठला ऐकणारा? माझी पतवंडं जेवण मागतात तेसुद्धा इंग्लिशमध्ये. माझ्या आईची ओळ काढ."

आता ती ओळ काढली तर कविता मधोमध उसवत होती. मी म्हणाले, "वाचून टाका, बाई. त्यांना कुठं कळणार आहे?" बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि गॅसवर कढई चढवली. गव्हाच्या चिकाचा हलवा घेऊन त्या फ्लोराबाईंच्या टोरांटोच्या कॉन्डोवर गेल्या आणि म्हणाल्या, "ओळ तुमची आहे. नको म्हणालात तर अख्खी कविता ठेवून देते."

फ्लोराबाईंनी हलवा संपवला. "वाच. पण मी समोर बसणार."

समाजाच्या हॉलमध्ये वाचन झालं. बाई त्या ओळीपाशी आल्या. "झावळ्यांच्या मांडवाखाली उतरला चंद्र..."

"माझी लेक बसे," पहिल्या रांगेतून फ्लोराबाईंनी खणखणीत आवाजात ओळ पुरी केली.

मला वाटलं, संपलं सगळं. त्यांच्या मांडीवरच्या पतवंडानं विचारलं, "आजी, हू सॅट देअर?"

"मी, बाळा. मी बसले होते."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "फ्लोराबाई, पुन्हा म्हणा. याच्यासाठीच कापली होती."

तेव्हापासून ती कविता दोघी मिळून म्हणतात.

बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. माझ्या घरी वडीलधाऱ्यांसाठी निरोगी, सुखाचं आयुष्य मागतात. फ्लोराबाईंच्या घरी एकशेवीस वर्षं मागतात. मी अर्धं इथून घेते, अर्धं तिथून: बाईंना निरोगी, सुखाची एकशेवीस वर्षं लाभोत. शब्द एकही बदललेला नाही. फ्लोराबाईंना विचारूनच घेतलं आहे.