नुसतं फिरणारं बटण

गिझर दुरुस्त करणाऱ्याने मला फसवलं. माणूस गोड होता. प्रत्येक स्क्रू फुंकर मारून बसवायचा. जाताना म्हणाला, "आता पाणी थंड आलं तर मले सांगजा, भाऊ."

आठवड्याच्या आत टाकी आतून गुरगुरू लागली. थर्मोस्टॅटचं बटण पार खाली फिरवलं, तरी लाल दिवा विझेना. मी मेन स्विच बंद करेपर्यंत आईने मगभर पाणी खांद्यावर घेतलं होतं. झाकण उघडलं, तर थर्मोस्टॅट वगळून वायरी सरळ जोडलेल्या!

आई कण्हत म्हणते, "काहून चिडून राहिला गा? पोरगा चांगला होता."

चांगला होतास ना? मग ये, तिच्या खांद्यावरचे फोड बघ आणि सांग, थर्मोस्टॅट गेलाय हे तोंडावर बोलायला काय झालं होतं?